कुत्र्याची लूत आणि सीताफळाचे बी

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगांवर सीताफळाची झाडे मुद्दाम लावावी लागत नाहीत. धारूर, अंबाजोगाई या भागांतल्या मुरमाड उतारांवर ती आपोआप उगवतात, कमी पावसातही तग धरतात आणि पावसाळा सरत आला की फळांनी लगडतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्रही आहे. फळातला गर खाल्ला जातो. बिया मात्र टाकून दिल्या जातात. या टाकाऊ बियांचा एक उपयोग जुन्या माणसांना चांगला ठाऊक असतो. बिया वाळवून, कुटून, त्यांची भुकटी तेलात कालवायची आणि डोक्यातल्या उवांवर किंवा कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडांवर, लुतीवर चोळायची.

कुत्र्याच्या अंगावरचे केस झडू लागले, कातडी खपलीदार झाली, की सांगितल्या जाणाऱ्या उपायांच्या यादीत सीताफळ एकटे नसते. कडुनिंबाच्या पाल्याचे उकळलेले पाणी, हळदीचा लेप, करंजाचे तेल, कोरफडीचा गर, खोबरेल, रिठ्याचे पाणी असे पुष्कळ उपाय असतात. आता तर याच वनस्पतींची नावे शाम्पूच्या आणि पावडरीच्या वेष्टनांवरही असतात. या साऱ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच वाक्य असते: ‘झाडपाल्याचे औषध आहे, गुण आला तर आला, अपाय तर नाही ना!’

या लेखात हेच वाक्य तपासायचे आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. पण शाळेच्या आवारात वावरणारे कुत्रे, त्याला जीव लावणारी मुले आणि आजीने सांगितलेले औषध या तिन्ही गोष्टी आपल्या बहुतेक शाळांच्या परिचयाच्या आहेत. एखादा दावा कसा पारखावा हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल. शिवाय सल्ला चुकला तर त्याची किंमत तोंडाने न सांगू शकणारा प्राणी मोजतो, आणि काही वेळा ते औषध चोळणारे मूलही.

केस झडणे हा आजार नव्हे

पहिली अडचण अशी की ‘केस झडण्यावर औषध’ या शब्दांनाच नीट अर्थ नाही. केस झडणे हे ताप येण्यासारखे लक्षण आहे. ताप हिवतापाने येतो, विषमज्वराने येतो, साध्या पडशानेही येतो. तसेच इथे आहे.

अनेकदा कारण निव्वळ ऋतुमान असते. कुत्र्याचे केस आपल्या केसांसारखे वर्षानुवर्षे वाढत राहत नाहीत. बहुसंख्य जातींच्या कुत्र्यांत केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात, मग विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि नंतर गळतात. दिवसाची लांबी बदलते तसा या चक्राचा वेग बदलतो, आणि वर्षातून एकदोनदा केसांची गळती वाढते. हा आजार नव्हेच.

लुतीचेही दोन वेगळे प्रकार आहेत. सार्कोप्टिस नावाचे सूक्ष्म किडे कातडीत बोगदे करून अंडी घालतात. याने भयंकर खाज सुटते. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे लागते आणि माणसालाही काही दिवस खाजवत ठेवते. डेमोडेक्स हे दुसरे किडे केसांच्या मुळाशी राहतात. थोड्या संख्येने ते निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतात. पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असली की ते वाढतात आणि तोंडावर, पायांवर टकलाचे चट्टे पडतात. असे मोजके चट्टे बहुतेक पिल्लांमध्ये काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. याखेरीज बुरशीमुळे होणारे गजकर्ण आहे, पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे, आहारातली उणीव आहे, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड आहे. गोचीड तर केवळ रक्त पीत नाही. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड एर्लिकियासारखे जीवघेणे जंतू रक्तात सोडते.

इतकी वेगवेगळी कारणे असताना एकच पाला सगळ्यांवर चालावा, हे संभवत नाही. पशुवैद्य काय करतो? चट्ट्याच्या कडेची कातडी बोथट पात्याने हलकेच खरवडतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली किडे दिसतात का ते पाहतो. काही मिनिटांची ही तपासणी झाडपाल्याच्या यादीत कधीच नसते. यादी सरळ औषधापासून सुरू होते. या उपायांवरचा पहिला आक्षेप हाच आहे, आणि तो वनस्पतींवर नसून क्रमावर आहे.

सीताफळाच्या बियांत काय असते?

आता सीताफळाकडे वळू. डोंगरावरचे बाकीचे हिरवे शेळ्या फस्त करतात, पण सीताफळाच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. ही झाडे माळावर टिकून राहण्याचे हे एक कारण आहे. वनस्पतीला पळता येत नाही. खाणाऱ्यापासून वाचायचे तर तिला रसायनांचाच आधार असतो. सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींमध्ये ॲसिटोजेनिन या गटाची द्रव्ये असतात. १९८२ मध्ये या गटातले पहिले द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि आज अशी शेकडो द्रव्ये माहीत आहेत. सीताफळाच्या बियांतल्या एका द्रव्याला तर त्याच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे ॲनोना स्क्वामोसावरून, स्क्वामोसिन असेच नाव आहे.

ही द्रव्ये काम कशी करतात? प्रत्येक पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये अन्नातली ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी होते. इलेक्ट्रॉन एका दुव्याकडून दुसऱ्या दुव्याकडे जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात. या साखळीतल्या पहिल्या मोठ्या दुव्याला ॲसिटोजेनिने बांधली जातात आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडते. पेशीचा ऊर्जापुरवठा तुटतो. ऊ मरते ती अशी. म्हणजे आजीबाईंचे निरीक्षण खरे होते: सीताफळाचे बी उवा मारते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण हेच ज्ञान पुढे नेले की दुसरी बाजू दिसते. तंतुकणिका उवेत असतात, गोचिडीत असतात, कुत्र्यात असतात आणि तुमच्या-आमच्यातही असतात. आणि हा पहिला दुवा सगळ्यांत जवळजवळ सारखाच असतो. तेव्हा हे विष किडा आणि कुत्रा यांच्यात स्वतःहून फारसा फरक करत नाही. फरक पडतो तो मात्रेमुळे आणि ते शरीरात कितपत शिरते यामुळे. नेमकी ही मात्राच भुकटीत कुणाला ठाऊक नसते. बी किती पिकलेले, किती वाळलेले, किती बारीक कुटलेले, तेलात किती वेळ ठेवलेले, यांवर ती बदलत राहते.

सर्वात ठळक धोका डोळ्याला आहे. उवांसाठी डोक्याला ही भुकटी लावल्यानंतर ती डोळ्यांत गेलेल्या रुग्णांची वर्णने भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली आहेत. डोळा लाल होतो, असह्य दुखतो, उजेड सहन होत नाही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर सोलून निघतो. वेळेवर उपचार मिळाले तर तो बहुधा भरून येतो, पण त्यात जंतुसंसर्ग झाला तर दृष्टीवर बेतू शकते. आता कुत्र्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. अंगाला काही लावले की ते पहिल्यांदा काय करते? जोरात अंग झटकते. भुकटी त्याच्या डोळ्यांत उडते आणि समोर बसलेल्या मुलाच्याही.

‘वनस्पतिजन्य’ विषाची एक जुनी गोष्ट

या संदर्भात रोटेनोनची हकिगत उद्बोधक आहे. डेरिस या वेलीच्या मुळांतून मिळणारे हे द्रव्य तंतुकणिकांतला तोच पहिला दुवा बंद पाडते. मुळे कुटून पाण्यात टाकून मासे पकडण्याची रीत आग्नेय आशियात जुनी आहे. विसाव्या शतकात याच मुळांची पावडर युरोप-अमेरिकेत कुत्र्यांच्या पिसवा, गोचीड आणि लूत यांवर अनेक दशके विकली गेली. ‘नैसर्गिक’ म्हणून बागकाम करणाऱ्यांचाही तिच्यावर विश्वास होता.

२००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या रक्तात दीर्घकाळ रोटेनोन सोडले तेव्हा त्यांच्या मेंदूत कंपवातासारखे बदल आढळले. रक्तात सोडणे आणि केसांवर पावडर टाकणे यांत अर्थातच मोठे अंतर आहे. या प्रयोगावरून कुत्र्याला कंपवात होतो असे म्हणता येणार नाही. पण सुरक्षिततेचा पुरावा मागण्याची वेळ आली, हे खरे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी पाळीव प्राणी, पशुधन आणि घरगुती वापर यांसाठीची आपली नोंदणी मागे घेतली. नको असलेले मासे मारण्यापुरता तिथे रोटेनोनचा वापर उरला.

ऑस्ट्रेलियातल्या टी-ट्री झाडाच्या तेलाचेही असेच झाले. तेही त्वचेवरचे नैसर्गिक औषध म्हणून लोकप्रिय आहे. २००२ ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राकडे कुत्र्या-मांजरांना या तेलाने बाधा झाल्याच्या ४४३ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत लाळ गळणे, पाय लटपटणे, थरथर अशी लक्षणे होती. बहुतेक वेळा मालकानेच ते चांगल्या हेतूने लावले होते.

चाटणारा प्राणी आणि गाईचे औषध

कुत्र्याच्या बाबतीत एक मुद्दा सतत विसरला जातो. कुत्रा स्वतःचे अंग चाटतो. त्यामुळे त्याच्यासाठी ‘बाहेरून लावायचे’ असे औषध जवळजवळ नसतेच. जे कातडीवर जाते त्यातले काही पोटात जाते.

आपल्याकडे जनावरांसाठीच्या पारंपरिक औषधांवर चांगले काम झाले आहे. पशुवैद्यक महिलांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या अंथ्रा या संस्थेने महाराष्ट्रात आणि आंध्रात पशुपालकांचे ज्ञान नोंदवले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बंगळूरुच्या ट्रान्स-डिसिप्लिनरी विद्यापीठासोबत गाईम्हशींसाठी अशा औषधांचा प्रसार केला. गोचिडांवरच्या त्यांच्या मिश्रणात लसूण, कडुनिंब, वेखंड, हळद, घाणेरी आणि तुळस असते. हे मिश्रण गाईसाठी सांगितले आहे. पण गावात एक औषध आले की ते गोठ्यातून उचलून दारातल्या कुत्र्यालाही लावले जाते. लसूण आणि कांदा पुरेशा प्रमाणात पोटात गेले तर कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. घाणेरीतली द्रव्ये यकृताला घातक आहेत. ‘वनस्पती’ तीच, पण प्राणी बदलला, सवय बदलली आणि हिशेबही बदलला.

कोरफडीतही असेच आहे. तिचा आतला पारदर्शक गर सौम्य असतो. सालीलगतचा पिवळा कडू चीक मात्र तीव्र रेचक असतो. पान सरसकट चिरून लावले आणि कुत्र्याने चाटले, तर हगवण लागली म्हणून दुसरे औषध शोधावे लागते. वनस्पतीचे नाव सांगणे पुरेसे नाही. कोणता भाग, हे सांगावेच लागते.

कडुनिंब आणि हळद: पुरावा किती?

कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी हा सर्वात सौम्य आणि सर्वात रूढ उपाय. कडुनिंबाचे कीडनाशक म्हणून नाव झाले ते ॲझाडिरॅक्टिनमुळे. हे द्रव्य १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. ते किड्यांची भूक मारते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते. पण ते मुख्यतः निंबोळीच्या गरात असते. पानांत फार कमी. शिवाय पाण्यात ते नीट विरघळत नाही आणि उन्हात टिकत नाही. तेव्हा पाला उकळून केलेल्या आंघोळीचे श्रेय ॲझाडिरॅक्टिनला देणे कठीण आहे. पानांत इतर द्रव्ये आहेत. पण मग दावाही त्या द्रव्यांच्या नावाने आणि त्यांच्या पुराव्यानिशी करायला हवा.

पुरावा मुळीच नाही असे नाही. इजिप्तमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सार्कोप्टिसची लूत असलेल्या दहा कुत्र्यांना निंबोळीच्या अर्काचा शाम्पू रोज, असे १४ दिवस, लावण्यात आला. बहुतेक कुत्रे किड्यांपासून मुक्त झाले. ही माहिती मोलाची आहे. पण ती नीट वाचली पाहिजे: निंबोळीचा अर्क, ठरावीक प्रमाण, रोज, दोन आठवडे, आणि निदान आधी सूक्ष्मदर्शकाने केलेले. यावरून ‘आठवड्यातून एकदा पाल्याचे पाणी’ सिद्ध होत नाही.

हळद-कडुनिंबाच्या लेपाचा १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अनेक लेखांत आधाराला घेतला जातो. तो भारतात, माणसांच्या खरजेवर झाला होता. ८१४ रुग्णांना लेप लावला आणि ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाले. आकडा डोळे दिपवणारा आहे, आणि खरूज सहसा इतक्या लवकर आपोआप जात नाही, हेही लेपाच्या बाजूने बोलते. तरीही त्यात एक मोठी उणीव आहे: तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लेपाबरोबर रुग्णांना लक्ष मिळाले, स्वच्छतेचे भान आले. त्यातला लेपाचा वाटा किती, हे दुसऱ्या गटाशिवाय ठरत नाही. अभ्यासकांनी स्वतःच आपल्या कामाला प्राथमिक पाहणी म्हटले होते. पुढे त्याचे दाखले देणाऱ्यांनी मात्र ‘प्राथमिक’ हा शब्द गाळला आणि ‘माणूस’च्या जागी ‘कुत्रा’ घातला.

हळदीच्या संदर्भात आणखी एक गोंधळ दूर करायला हवा. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिले गेले आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या हरकतीनंतर १९९७ मध्ये रद्द झाले. ‘अमेरिकेनेही हळदीचे गुण मान्य केले’ असे यावरून म्हटले जाते. तसे झाले नाही. हे ज्ञान नवे नाही, आधीपासून लिखित नोंदीत आहे, एवढेच तिथे सिद्ध झाले. एखादी गोष्ट जुनी आहे आणि एखादी गोष्ट गुणकारी आहे ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि त्यांना दोन वेगळे पुरावे लागतात.

मग गुण आला तो कशाने?

इथे वाचक म्हणतील, ‘पण आमच्या कुत्र्याला खरेच गुण आला.’ हे खोटे मानण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कारणाचा.

एक तर ऋतू. गळतीचा जोर असतानाच माणूस औषध सुरू करतो. दोन महिन्यांनी नवे केस येतात. ते औषधाशिवायही आलेच असते. दुसरे, आजारात चढउतार असतात. त्रास सर्वात जास्त असताना आपण उपाय करतो, आणि टोकाच्या स्थितीनंतर सहसा मधली स्थितीच येते. सरासरीकडे परतण्याच्या या प्रवृत्तीकडे फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या संदर्भात लक्ष वेधले होते. तिसरे, डेमोडेक्सचे चट्टे पिल्लांत बहुधा आपोआप बरे होतात, हे वर आलेच आहे. चौथे, आंघोळ. पाल्याच्या पाण्याने का होईना, कुत्र्याला आंघोळ घातली की खपल्या, माती, पिसवांची विष्ठा, ॲलर्जी आणणारे कण धुऊन जातात. रिठ्यातले सॅपोनिन तर खराखुरा साबणच आहे. म्हणून पाल्याच्या पाण्याची तुलना ‘काहीच न करण्या’शी करून भागणार नाही, ती साध्या पाण्याच्या आंघोळीशी करायला हवी.

पाचवे, चकाकी. खोबरेल चोळले की केस लगेच चमकतात. ही जीवशास्त्राची नव्हे, प्रकाशाच्या परावर्तनाची गोष्ट आहे. केसाच्या पृष्ठभागावरचे खवले विस्कटले की प्रकाश इतस्ततः विखुरतो. तेलाचा थर बसला की पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश एका दिशेने परततो. ओल्या फरशीचे चकाकणे याच जातीचे. चमकदार केस म्हणजे निरोगी कातडी नव्हे.

गोचिडांच्या बाबतीत तर फसगत ठरलेलीच. तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. ती भिंतीच्या फटीत, कोनाड्यात, दगडांच्या सांदीत असते. एक मादी हजारो अंडी घालते. अंगावरच्या गोचिडी मेल्याने ‘गुण आला’ असे वाटते आणि पंधरा दिवसांत भिंतीतली पुढची पिढी चढते.

खरा वनस्पती-उपाय तेलघाण्यात

एवढी टीका केल्यावर विचारले जाईल, की कुत्र्याच्या केसांसाठी पुरावा असलेला वनस्पतिजन्य उपाय आहे तरी का? आहे, आणि तो मराठवाड्याच्या जुन्या पिकात आहे. त्याचे नाव करडई.

टेक्सासमध्ये हॅन्सन आणि वीझ यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्याच्या पिल्लांना मेद नसलेला आहार दिला. त्यांचे केस राठ झाले, कातडी कोरडी पडून कोंडा सुटला. आहारात मेद मिळणाऱ्या पिल्लांचे तसे झाले नाही. कातडीतून पाणी उडून जाऊ नये म्हणून तिच्यात जो स्निग्ध थर असतो, त्यासाठी लिनोलिक हे मेदाम्ल लागते आणि ते कुत्र्याला शरीरात बनवता येत नाही. २००० साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात तर परिपूर्ण आहार मिळणाऱ्या कुत्र्यांनाही लिनोलिक आम्ल आणि जस्त एकत्र दिल्यावर नऊ आठवड्यांत केसांची चकाकी वाढल्याचे आणि कोंडा कमी झाल्याचे दिसले. इथे तुलनेचे गट होते. मघाच्या खोबरेलाच्या चमकेहून ही चकाकी वेगळी, कारण ती आतून आलेली आहे.

आता तेलांची तुलना पाहा. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल साधारण ७५ टक्के असते, सूर्यफुलाच्या तेलात साधारण ६०, शेंगदाण्याच्या तेलात ३०च्या आसपास आणि खोबरेलात जेमतेम २. म्हणजे जे तेल अंगाला चोळायला सांगतात त्यात हे आम्ल जवळजवळ नाही, आणि ज्यात ते भरपूर आहे ते घाण्यावर मिळते पण औषधांच्या यादीत नसते.

अर्थात करडईलाही तोच निकष लावू. पाच मिलिलिटर तेलात सुमारे ४० कॅलरी असतात. दहा किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज साधारण ६०० ते ७०० कॅलरी. तेव्हा दिवसाला लहान चमचाभर तेल पुरे. वाटीभर ओतले तर हगवण लागेल, चरबी वाढेल, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकेल. तेल हे लुतीचे औषध नव्हे. त्याने किडा मरत नाही. आणि आहारातली उणीव केवळ तेलाची नसते. केस हे मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे असतात. नुसत्या भाकरीवर आणि उष्ट्यावर वाढणाऱ्या कुत्र्याला प्रथिने अपुरी पडतात, आणि धान्यातल्या फायटेटमुळे जस्तही नीट शोषले जात नाही. भाकरीबरोबर अधूनमधून उकडलेले अंडे मिळाले तर ते हळदीच्या लेपापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

कारखान्यातल्या औषधांचे काय?

ही टीका झाडपाल्यावर आहे म्हणून बाटलीतले औषध निर्धोक ठरते, असे नाही. आयव्हरमेक्टिन काही जातींच्या कुत्र्यांना मारक ठरते. त्यामागचा जनुकीय दोष २००१ मध्ये उलगडला. गोचिडांवरच्या नव्या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये दिला. पण हे आपल्याला कळले, कारण मात्रा ठरलेली होती, नोंदी ठेवल्या जात होत्या आणि तक्रार कुठे करायची ते ठाऊक होते. सीताफळाच्या भुकटीने किती कुत्र्यांचे डोळे गेले, याची नोंदवहीच नाही. ज्या औषधाच्या अपायाची नोंद होत नाही ते नेहमीच निरुपद्रवी भासते.

निसर्ग विरुद्ध रसायन ही विभागणीही टिकत नाही. २०१५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आयव्हरमेक्टिनचे मूळ शोधणाऱ्यांना आणि आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या तू यूयू यांना विभागून मिळाले. आयव्हरमेक्टिनचे मूळ मातीतल्या जिवाणूत, आर्टेमिसिनिनचे एका पारंपरिक चिनी औषधी वनस्पतीत. दोन्ही निसर्गातली. तू यूयू यांनी परंपरेचा आदर केला तो तिला प्रश्न विचारून: कोणती वनस्पती, कोणता भाग, उकळून की थंड अर्क काढून, आणि गुण येतो तो किती जणांना.

वर्गात काय करता येईल

आधी काय करू नये ते सांगतो. सीताफळाच्या बिया मुलांकडून कुटून घेऊ नयेत. लूत लागलेल्या भटक्या कुत्र्याला हात लावू नये. खरूज लागू शकते आणि दुखावलेले कुत्रे चावू शकते. चावलेच तर जखम साबणाने भरपूर वेळ धुऊन ताबडतोब रेबीजची लस घ्यावी. कुत्र्यांवर औषधाचे प्रयोग मुळीच करू नयेत.

करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी निरोगी पाळीव कुत्रा असेल, तर मोठ्यांच्या देखरेखीखाली दर रविवारी ठरावीक वेळ विंचरून निघालेले केस तराजूवर तोलता येतील. वर्षभराचा आलेख काढला की गळतीचे चढउतार दिसतील. मग विचारावे: आलेखाच्या शिखरावर औषध सुरू केले असते तर ते ‘लागू पडले’ असे वाटले असते का? कोरडा आणि तेल लावलेला केस भिंगाखाली आणि विजेरीच्या उजेडात पाहून चकाकीचा धडा घेता येईल. एका पिशवीतून वीस चिठ्ठ्या काढून ‘औषध’ आणि ‘साधे पाणी’ असे दोन गट कसे पाडायचे, मोजणाऱ्याला गट का ठाऊक असू नये, हे कागदावरच शिकवता येईल. घरोघरचे जनावरांचे उपाय मुलांनी वहीत टिपावेत. मात्र प्रत्येक नोंदीपुढे आजार, वनस्पतीचा भाग, मात्रा, प्राणी आणि अपाय असे पाच रकाने असावेत. बहुतेक वह्यांत शेवटचे चार रकाने रिकामे राहतील. ते रिकामेपण मुलांना दिसले की पाठ निम्मा झाला.

आणि आवारातले कुत्रे खरोखर खाजवून बेजार झाले असेल, तर वहीवर थांबू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्यावी, कातडी तपासायला सांगावी, आणि कोणता किडा निघाला ते मुलांना येऊन सांगावे.